कुंपणाच्या आतला नागरिक

मित्रहो, खेळात राजकारण आणू नये असे आपल्याकडे वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत, आणि क्रिकेट संघटनांच्या निवडणुका पाहिल्या की ते पटतेही. मी मात्र लिव्हरपूल या फुटबॉल क्लबचा जुना चाहता आहे, आणि त्या क्लबचा चाहता असलेल्या माणसाला हा सल्ला पाळता येत नाही. 1989 नंतर त्या शहराने या दोन गोष्टींची फारकत होऊच दिली नाही. ब्रिटनचे सरकार फुटबॉलच्या प्रेक्षकाला नागरिक मानत होते की संशयित, हा माझ्या दृष्टीने त्यातला मूळ प्रश्न आहे.

15 एप्रिल 1989 रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर एफए कप या इंग्लंडमधल्या फुटबॉल स्पर्धेचा उपांत्य सामना होता. लेपिंग्ज लेनच्या टोकाला लिव्हरपूलच्या प्रेक्षकांसाठी उभे राहण्याची जागा होती आणि पोलादी कुंपणे घालून तिचे कप्पे पाडलेले होते. बाहेर गर्दी तुंबली तेव्हा पोलिसांनी मैदानातून बाहेर पडण्याचा एक मोठा दरवाजा उघडला. मधल्या कप्प्यांकडे नेणाऱ्या समोरच्या बोगद्याचे तोंड मात्र कुणीही बंद केले नाही, आणि आधीच गच्च भरलेल्या मधल्या दोन कप्प्यांत माणसांचा लोंढा शिरला. 3 वाजता सुरू झालेला सामना 3 वाजून 6 मिनिटांनी थांबवला गेला, तोवर पुढच्या रांगांतली माणसे कुंपणाशी चिरडली जात होती. चाहत्यांनीच जाहिरातींचे फलक उपटून त्यांचे स्ट्रेचर केले आणि जखमींना मैदानावरून वाहून नेले. या दुर्घटनेतल्या मृतांची संख्या आज 97 आहे; त्यांतला सर्वांत लहान मुलगा 10 वर्षांचा होता.

ती कुंपणे तिथे का होती, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. फुटबॉलमधली हाणामारी त्या काळात खरी होती. 1985 साली ब्रुसेल्सच्या हेसल मैदानावर लिव्हरपूलचेच प्रेक्षक समोरच्यांवर धावून गेले आणि 39 जणांचा जीव गेला, हे माझ्या क्लबच्या माणसांनी कधी विसरू नये. पण थॅचर सरकारने त्यावरून प्रत्येक प्रेक्षकाकडे कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणूनच पाहिले आणि त्यांना ओळखपत्रे सक्तीची करण्याचा घाट घातला. मैदानात घुसखोरी होऊ नये याची काळजी घेतली गेली. आत कोंडलेल्या माणसाला श्वास घेता येईल का, याची घेतली गेली नाही.

हिल्सबरोचा बंदोबस्त साउथ यॉर्कशायर पोलिसांकडे होता. हेच पोलीस 1984 च्या खाणकामगार संपात ऑरग्रीव्ह येथे होते. तिथल्या 95 संपकऱ्यांवर भरलेले खटले पुढच्या वर्षी पोलिसांच्या पुराव्यावर विसंबता न आल्याने कोसळले होते. त्या वेळी त्यांना जाब विचारला गेला असता तर पुढचे बरेच काही टळले असते, असे मला वाटते. हिल्सबरोत दरवाजा चाहत्यांनीच फोडला असे बंदोबस्ताच्या प्रमुखाने सांगितले, आणि ते खोटे होते. चार दिवसांनी 'द सन' या वृत्तपत्राने 'सत्य' अशा मथळ्याखाली चाहत्यांनी मृतांचे खिसे कापल्याचे छापले. लिव्हरपूलमधल्या असंख्य घरांत आणि दुकानांत ते वृत्तपत्र आजही येत नाही. दुर्घटनेची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती टेलर यांनी त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पोलिसांचे नियंत्रण कोलमडणे हेच दुर्घटनेचे मुख्य कारण ठरवले होते, तरीही ती बदनामी वर्षानुवर्षे टिकली.

मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते ती कोरोनरने, म्हणजे मृत्यूंच्या कारणांची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, आखलेली वेळेची रेघ. दुपारी 3 वाजून 15 मिनिटांपर्यंत सर्वांना जीवघेणी इजा होऊन गेली होती, असे गृहीत धरून त्याने त्यानंतरच्या घटना चौकशीतून वगळल्या. म्हणजे रुग्णवाहिका आत का आल्या नाहीत, हा प्रश्नच बाद झाला. अ‍ॅन विल्यम्स यांचा 15 वर्षांचा मुलगा केव्हिन त्या वेळेनंतरही जिवंत होता, आणि त्याने 'आई' अशी हाक मारल्याचे त्याच्याजवळ असलेल्या एका स्वयंसेवक महिला पोलिसाने सांगितले होते. हा पुरावा घेऊन ही माता सरकारी दारे ठोठावत राहिली आणि तिचे अर्ज फेटाळले जात राहिले.

2009 मध्ये, विसाव्या स्मृतिदिनी, मजूर पक्षाचे मंत्री अँडी बर्नहॅम लिव्हरपूलच्या अ‍ॅनफील्ड या घरच्या मैदानावर बोलायला उभे राहिले असता प्रेक्षकांनी न्यायाच्या घोषणा देऊन त्यांचे भाषण थांबवले. तो राजकीय क्षण माझ्या मते कोणत्याही प्रचारसभेपेक्षा मोठा होता, कारण त्यानंतरच सरकार हलले आणि स्वतंत्र समिती नेमली गेली. 2012 मध्ये तिने दाखवून दिले की पोलिसांचे 164 जबाब बदलले गेले होते आणि 41 जण कदाचित वाचू शकले असते. त्याच दिवशी हुजूर पक्षाचे पंतप्रधान कॅमेरून यांनी संसदेत माफी मागितली. डिसेंबरमध्ये उच्च न्यायालयाने कोरोनरच्या चौकशीचे जुने निष्कर्ष रद्द केले, तेव्हा कर्करोगाने खंगलेल्या अ‍ॅन विल्यम्स न्यायालयात हजर होत्या. पुढच्या एप्रिलमध्ये त्या गेल्या. नव्याने झालेल्या चौकशीत 2016 मध्ये ज्युरीने हे मृत्यू बेकायदेशीर हत्या असल्याचा निर्णय दिला आणि चाहत्यांना पूर्ण निर्दोष ठरवले. बंदोबस्ताचा प्रमुख मात्र 2019 मध्ये फौजदारी खटल्यातून सुटला.

सप्टेंबर 2025 मध्ये सरकारने संसदेत मांडलेले विधेयक 'हिल्सबरो कायदा' या नावाने ओळखले जाते. सरकारी अधिकाऱ्यांवर खरे सांगण्याचे कायदेशीर बंधन घालणारी त्याची तरतूद गाजली, आणि ती महत्त्वाची आहेच. माझे लक्ष मात्र दुसऱ्या एका तरतुदीकडे आहे. कोरोनरच्या पहिल्या चौकशीत पोलिसांचे वकील सरकारी खर्चाने उभे होते, आणि मृतांच्या कुटुंबांना वर्गणी काढून बॅरिस्टर नेमावा लागला होता. सरकारी यंत्रणा समोर असेल तेव्हा अशा कुटुंबांनाही सरकारी खर्चाने वकील मिळावा, असे हे विधेयक म्हणते. ही तरतूद कुठेही न छाटता अमलात यावी, यासाठी मी ब्रिटिश संसदेच्या कामकाजाकडे सामन्यांच्या वेळापत्रकाइतक्याच आस्थेने पाहत आलो आहे.