'द एक्झॉर्सिस्ट ३' : भीती नेमकी कुठे आहे?

[दृश्य : रुग्णालयाचा रात्रीचा कॉरिडॉर]

कॅमेरा कॉरिडॉरच्या एका टोकाला ठेवलाय. दूरवर नर्सचं टेबल, आजूबाजूला दारं. पार्श्वसंगीत नाही. पहाऱ्यावरचे पोलीस येतात, जातात. नर्स आपलं काम करतेय.

१९९० चा 'द एक्झॉर्सिस्ट ३'. लेखन आणि दिग्दर्शन विल्यम पीटर ब्लॅटी यांचं. १९७३ च्या पहिल्या चित्रपटाची कादंबरी आणि पटकथाही त्यांचीच. पण १९७७ चा दुसरा भाग इतका सपाटून आपटला होता, की तिसरा न बघताच लोकांनी नाकं मुरडली. आजही कित्येकांनी तो पाहिलेला नाही. या एका प्रसंगासाठी तरी तो पाहायलाच हवा.

[दृश्य : ग्लासातला बर्फ]

खोलीतून बारीक आवाज येतो. नर्स आत जाते. ग्लासातला बर्फ तडकतोय, एवढंच. तेवढ्यात झोपलेला रुग्ण एकदम उठून तिच्यावर खेकसतो. आपण दचकतो आणि सैलावतो, झालं एकदाचं म्हणून. ब्लॅटींना नेमकं हेच हवंय.

[दृश्य : पुन्हा कॉरिडॉर]

पुन्हा तीच लांबची चौकट. क्लोज-अप असता तर कुठे बघायचं ते दिग्दर्शकाने ठरवलं असतं. इथे ते आपल्यावर सोडलंय, म्हणून नजर एकेक दार चाचपत राहते. मिनिटभराहून जास्त वेळ कॅमेरा जागचा हलत नाही. नर्स एक खोली तपासते, दार लावते, वळते... आणि मागून पांढऱ्या कापडातली आकृती, हातात शवविच्छेदनाची भलीमोठी कात्री. झूम आत्ता येतो, संगीतही आत्ताच. पुढच्या क्षणी पडद्यावर शिर नसलेला पुतळा. खून दाखवलेलाच नाही, रक्ताचा थेंबही नाही.

अशा प्रसंगाची नक्कल करताना गडबड होते ती संकलनाच्या टेबलावर. शॉट कंटाळवाणा वाटतो म्हणून मध्येच कापतात, किंवा संगीत दोन सेकंद आधी सुरू करतात. प्रेक्षक सावध होतो आणि सगळं फुकट जातं.

[दृश्य : कोठडी]

तपास करणारा पोलीस अधिकारी लेफ्टनंट किंडरमन, म्हणजे जॉर्ज सी. स्कॉट. समोर ब्रॅड डूरिफ, पंधरा वर्षांपूर्वी मृत्युदंड झालेला 'जेमिनी किलर' हा मालिका खुनी आपणच असल्याचा दावा करणारा कैदी. नुसतं बोलणं, पण तपासाचा गाभा इथेच आहे. खऱ्या जेमिनीच्या बळींचं उजव्या हाताचं पहिलं बोट कापलेलं असायचं आणि डाव्या तळहातावर मिथुन राशीची खूण कोरलेली. खोटे कबुलीजबाब ओळखता यावेत म्हणून पोलिसांनी वर्तमानपत्रांना मुद्दाम चुकीचा तपशील दिला होता. किंडरमन तपासत असलेल्या नव्या खुनांत मात्र बरोबर तीच जागा, तेच बोट. हा मुळात पोलिसी तपासाचा चित्रपट आहे, भूत उतरवण्याचा नव्हे. ब्लॅटींना त्याचं नावही 'लीजन' हवं होतं, त्यांच्या १९८३ च्या कादंबरीचं.

[दृश्य : फादर मॉर्निंग]

नाव 'एक्झॉर्सिस्ट', म्हणजे भूत उतरवणारा, ठेवल्यावर निर्मात्यांना शेवटी भूत उतरवण्याचा विधीही हवा झाला. शेवट नव्याने चित्रित झाला आणि निकोल विल्यमसन यांनी साकारलेला धर्मगुरू फादर मॉर्निंग कथेत घुसवला गेला. त्याला काढून बघा, तपासाची एकही कडी तुटत नाही. शेवटच्या त्या गदारोळाचा ठपका मात्र अख्ख्या चित्रपटावर बसला.

[दृश्य : व्हीएचएसचे धूसर तुकडे]

ब्लॅटींच्या मनातली आवृत्ती २०१६ मध्ये आली. कापलेल्या भागांची मूळ फिल्म हाती नसल्याने चित्रीकरणाच्या व्हीएचएस (जुन्या व्हिडिओ कॅसेट) टेपवरचे तुकडे जोडले गेले, म्हणून चित्र मधूनमधून धूसर होतं. कोठडीचा प्रसंग दोन्ही आवृत्त्यांत लागोपाठ पाहा. १९९० च्या आवृत्तीत कैद्याचा चेहरा बदलत राहतो, कधी जेसन मिलर (पहिल्या चित्रपटातले फादर कॅरस), कधी डूरिफ. २०१६ च्या आवृत्तीत डूरिफ एकटाच आहे.