बर्फ राखाडी का येतो? फिल्मवर एक्स्पोजर असं ठरवा

नमस्कार मंडळी! गुलमर्ग, सोलांग, कुफ्री... हिवाळ्यात फिल्म कॅमेरा घेऊन निघणार असाल तर हे आधी ऐका. रोल धुऊन आल्यावर पांढराशुभ्र बर्फ राखाडी आणि घरच्यांचे चेहरे काळवंडलेले दिसले, की फार वाईट वाटतं.

यात कॅमेऱ्यातला प्रकाश मोजणारा मीटर बिघडलेला नसतो. समोर काय आहे हे त्याला कळतच नाही. जे दिसेल ते मध्यम करडं आहे असं धरून तो हिशोब करतो. असं करडं पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे १८ टक्के परत फेकतं, ताजा बर्फ मात्र ८० ते ९० टक्के! मीटरला वाटतं उजेड फार झाला, आणि तो साधारण दोन स्टॉप प्रकाश कापतो. एक स्टॉप म्हणजे प्रकाश दुप्पट किंवा निम्मा.

म्हणून डोळे दिपवणाऱ्या उन्हातही प्रकाश वाढवायचा. मनाला पटत नाही, पण वाढवायचाच.

(कॅमेरा हातात घेत) समजा, ४०० आयएसओचा, म्हणजे तेवढ्या प्रकाशसंवेदनशीलतेचा रोल आहे. उन्हातल्या बर्फावर मीटर म्हणतो एक हजारांश सेकंद, एफ २२. (एफ म्हणजे लेन्सचं छिद्र; आकडा लहान तितकं छिद्र मोठं.) तुम्ही ठेवा एक पाचशेअंश सेकंद, एफ १६. झाले दोन स्टॉप. कॅमेरा ऑटो असेल आणि कॉम्पेन्सेशनचं, म्हणजे प्रकाश कमी-जास्त करायचं बटण नसेल, तर आयएसओची चकती ४०० वरून १०० वर आणा. रोल मात्र ४०० चाच म्हणून धुवायला द्यायचा, आणि बर्फातून बाहेर आलात की चकती परत ४०० वर.

आता रोल कोणता, यावर बरंच अवलंबून आहे. कलर निगेटिव्ह, म्हणजे प्रिंट काढायचा नेहमीचा रंगीत रोल, जास्तीचा प्रकाश छान पचवते, तिथे बिनधास्त दोन स्टॉप द्या. स्लाइड फिल्म, म्हणजे जिच्यावर थेट खऱ्या रंगातलं चित्र उमटतं ती, अजिबात माफ करत नाही. बर्फाचा पोत एकदा उडाला की गेला, म्हणून मी दीड स्टॉपवरच थांबतो आणि महत्त्वाची फ्रेम असेल तर अर्धा स्टॉप कमी-जास्त करून आणखी दोन घेतो. कृष्णधवल रोल असेल तर पिवळा फिल्टर जरूर लावा. निळ्या आकाशाखाली बर्फावरच्या सावल्या निळसर असतात, फिल्टरने त्या गडद होतात आणि बर्फाचे कण, लाटा उठून दिसतात.

मीटरवर भरवसाच नसेल तर हातमोजा काढा, तळहात उन्हात धरून त्यावर मोजा आणि एक स्टॉप वाढवा, कारण तळहात त्या करड्यापेक्षा साधारण एक स्टॉप उजळ असतो. यावर आणखी दोन स्टॉप चढवू नका हं!

आणि स्कॅनिंगला देताना आवर्जून सांगा, बर्फ पांढरा ठेवा. नाहीतर तिथलं ऑटो करेक्शन तो पुन्हा राखाडी करून देऊ शकतं.