जुन्या लॅपटॉपवर कोणतं लिनक्स?

(पडद्यावर: परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली अभ्यासिका. कोपऱ्यातल्या टेबलावर चार जुने लॅपटॉप.)

१४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चे सुरक्षेचे नेहमीचे मोफत अपडेट बंद झाले. वाढीव मुदतीची सोय आहे, पण तीही थोड्या काळापुरती. विंडोज ११ टाकायचं म्हटलं, तर त्याला टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते आणि प्रोसेसरही बऱ्यापैकी नवा लागतो. इंटेलचा असेल, तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. या टेबलावरचे लॅपटॉप त्याहून जुने आहेत. स्क्रीन चांगली, कीबोर्ड धडधाकट, चार्जर शाबूत. तरी दुकानात नेलं की उत्तर ठरलेलं असतं: "हे आता भंगारात द्या."

मराठवाड्यात असे लॅपटॉप घराघरात आहेत. पोरगं लातूरला शिकायला गेलं तेव्हा घेतलेला, सोयाबीनचे पैसे आले तेव्हा घेतलेला, पुण्याहून सेकंडहँड आणलेला. घरातली ती महागाची वस्तू असते. ती आणखी चार-पाच वर्षं नीट चालू शकते, आणि त्यासाठी विंडोजच्या जागी टाकायच्या लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमला एक रुपयाही लागत नाही.

(पडद्यावर: पेनड्राइव्ह लावणारा हात. स्क्रीनवर बूट मेनू.)

लिनक्स हे नाव खरं तर गाभ्याचं, म्हणजे कर्नलचं. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये ते लिहायला घेतलं. त्याआधीपासून, १९८३ पासून, रिचर्ड स्टॉलमनचा ग्नू प्रकल्प मुक्त सॉफ्टवेअर तयार करत होता. हा गाभा, ती साधनं, वर एक डेस्कटॉप आणि सॉफ्टवेअर टाकायची सोय, हे सगळं एकत्र बांधून कुणीतरी देतं, त्याला डिस्ट्रो म्हणतात. डेबियन १९९३ ची. तिच्यावर २००४ मध्ये उबंटू उभी राहिली आणि उबंटूवर लिनक्स मिंट. अनेकांना आठवत असेल, उबंटूची सीडी पोस्टाने फुकट घरी यायची. ती योजना २०११ मध्ये बंद झाली, पण आपल्याकडच्या कितीतरी जणांनी लिनक्सचं तोंड पहिल्यांदा पाहिलं ते त्याच पाकिटातून. आपल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेनेही डेबियनवर आधारलेली बॉस लिनक्स काढली. केरळच्या सरकारी शाळांत तर मुलं वर्षानुवर्षं लिनक्सवरच संगणक शिकत आहेत.

डिस्ट्रो शेकड्यांनी आहेत आणि नवा माणूस इथेच अडकतो. महिनाभर व्हिडिओ बघतो, कोणती सगळ्यात भारी ते शोधत बसतो, आणि लॅपटॉप तसाच धूळ खात पडतो. आमचं म्हणणं एवढंच आहे: आधी मशीन बघा, मग त्यावर होणारं काम बघा, आणि अडल्यावर गावात कुणाला विचारता येईल ते बघा. डिस्ट्रोचं नाव त्यानंतर.

मशीनचं लवकर ठरतं. रॅम चार जीबी असेल, तर लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती घ्या. एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप आहे. खाली पट्टी, कोपऱ्यात मेनू, त्यामुळे विंडोजची सवय असलेला माणूस गोंधळत नाही. आठ जीबी असेल तर मिंटचीच सिनॅमन आवृत्ती जास्त देखणी आहे. दोनच जीबी असेल तर एमएक्स लिनक्स किंवा अँटिएक्स. आणि जुनी फिरणारी हार्ड डिस्क असेल, तर कोणतीही डिस्ट्रो टाकण्याआधी ती काढून एसएसडी, म्हणजे न फिरणारी वेगवान डिस्क, बसवा. लॅपटॉपच्या वेगात जो फरक त्याने पडतो, तो कुठल्याही सॉफ्टवेअरने पडत नाही. पैसे खर्च करायचेच असतील, तर इथे करा.

मिंटच का, असं अभ्यासिकेतल्या एका मुलीने विचारलं. एक कारण मोबाइलच्या डेटाचं आहे. इथे नेट म्हणजे बहुतेकांसाठी मोबाइलचा हॉटस्पॉट. उबंटूमध्ये काही सॉफ्टवेअर स्नॅप नावाच्या पॅकेजातून येतं आणि ते आकाराने मोठं असतं. मिंटने २०२० पासून स्नॅप आपणहून देणं बंद केलंय. फ्लॅटपॅक हा तसाच दुसरा पॅकेजचा प्रकार मिंटमध्ये आहे, पण तेही पहिल्यांदा टाकताना शेकडो एमबी ओढतं. म्हणून सॉफ्टवेअर मॅनेजरमध्ये एकच प्रोग्राम दोन रूपांत दिसला, तर सिस्टिम पॅकेज निवडा. दिवसाचा दीड जीबी डेटा असलेल्या माणसाला हा फरक लगेच कळतो.

(पडद्यावर: डेस्कटॉप उघडतो. कोपऱ्यात 'इन्स्टॉल'चं चिन्ह.)

आता टाकायच्या आधीची पायरी. ही पायरी कुणीही गाळू नये. आठ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. व्हेंटॉय नावाचं छोटं साधन त्यावर एकदा टाकलं, की डिस्ट्रोची आयएसओ फाइल, म्हणजे अख्खी डिस्ट्रो असलेली एकच फाइल, नुसती कॉपी करायची. पेनड्राइव्ह मोठा असेल तर तीन-चार डिस्ट्रो एकत्र मावतात. लॅपटॉप चालू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप, कंपनीप्रमाणे जी कळ असेल ती दाबा आणि पेनड्राइव्हवरून बूट करा. आतल्या डिस्कला हात न लावता अख्खी सिस्टिम समोर चालू होते.

तिथे घाई करू नका. वायफाय जोडून बघा. काही वायफाय कार्डांना ड्रायव्हर वेगळा टाकावा लागतो आणि तो टाकायला नेट लागतं. अशा वेळी अँड्रॉइड फोन केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, बहुतेक वेळा नेट लगेच मिळतं. आवाज येतो का, कॅमेरा चालतो का, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का, तेही बघा. प्रिंटर असेल तर तो घरून उचलून आणा आणि जोडा. काही जुने लेझर प्रिंटर लिनक्सवर खरंच त्रास देतात. ते आधी कळलेलं बरं.

मग मराठी. इनस्क्रिप्ट कीबोर्ड लिनक्समध्ये आधीपासून असतो. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन मराठी जोडायचा, झालं. बोलल्यासारखं इंग्रजी अक्षरांतून टाइप करायची सवय असेल, तर आयबस हे टायपिंगचं साधन आणि त्याचं एम१७एन पॅकेज टाका. त्यात फोनेटिक आहे, आणि टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्यांसाठी रेमिंग्टनही आहे. तपासायला एकच शब्द पुरे: शेतकऱ्यांना. यातला 'ऱ्यां' नीट उमटला पाहिजे. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे दाबलं की नुक्ता असलेला ऱ येतो, मग डीने हलन्त, मग य. नुसत्या र ने लिहिलं तर रफार होऊन 'शेतकर्यांना' असं चुकीचं उमटतं. अर्जात, ठरावात, निमंत्रणपत्रिकेत ही चूक सर्रास दिसते, आणि ती दिसली की वाईट वाटतं, कारण बरोबर लिहायला एकच कळ वेगळी दाबायची असते.

लिबर ऑफिस, म्हणजे एमएस ऑफिससारखं मोफत सॉफ्टवेअर, त्यातही एक सेटिंग सुरुवातीलाच करून टाका. टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये भाषेच्या भागात कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करा आणि तिथे मराठी निवडा. देवनागरीचा फॉन्ट आणि आकार तिथे इंग्रजीपेक्षा वेगळा धरला जातो. हे माहीत नसलं की "फॉन्ट बदलला तरी बदलतच नाही" म्हणून माणूस वैतागतो. वर्डची फाइल लिबर ऑफिसमध्ये उघडते, पण मजकूर कधी इकडचा तिकडे सरकतो. कुणाला पाठवायची असेल तर पीडीएफ करून पाठवा.

(पडद्यावर: गिम्पची खिडकी. एका पासपोर्ट फोटोवर कर्सर.)

या अभ्यासिकेतलं सगळ्यात नेहमीचं काम हे आहे. बँकेच्या भरतीचा ऑनलाइन अर्ज. फोटो २० ते ५० केबी, सही १० ते २० केबी. दरवेळी पोरं सायबर कॅफेत जातात आणि यासाठी पैसे मोजतात. गिम्प या फोटोच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये फोटो उघडा. इमेज मेनूत स्केल इमेज. रुंदी २००, उंची २३० पिक्सेल. पण त्याआधी फोटो याच प्रमाणात कापून घ्या, नाहीतर चेहरा ताणला जातो. मग एक्सपोर्ट करा आणि जेपेग निवडा. क्वालिटीची पट्टी येते, तिच्याजवळ प्रीव्ह्यूचा चौकोन असतो. तो टिचकला की फाइल किती केबीची होणार ते तिथेच दिसतं. पट्टी सरकवत फाइल २० ते ५० केबीच्या मध्ये आणा आणि सेव्ह करा. ज्या मुलाने हे पहिल्यांदा केलं, त्याने लगेच शेजारच्याचाही फोटो करून दिला.

आता जे जमत नाही, ते स्पष्ट सांगायला हवं. मोंढ्यातल्या आडतीवर टॅली चालत असेल, तर तिथे विंडोज राहू द्या. फ्लेक्सच्या दुकानात कोरलड्रॉ आणि जुने बिगरयुनिकोड मराठी फॉन्ट असतील, तर लिनक्सवरचं चित्रं आणि डिझाइनचं सॉफ्टवेअर इंकस्केप कितीही चांगलं असलं तरी जुन्या फाइली त्यात जशाच्या तशा उघडणार नाहीत. आपले सरकार सेवा केंद्रात बोटांचे ठसे घेणारी यंत्रं आणि डिजिटल सहीचे टोकन लागतात, त्यातली बरीचशी विंडोज धरूनच बनवलेली असतात. अशा ठिकाणी हट्टाने लिनक्स टाकलं, तर धंदा अडतो आणि नाव लिनक्सचं खराब होतं. याउलट ज्या लॅपटॉपवर ब्राउझर, पीडीएफ, युट्यूबवरचे तास, टायपिंग आणि अर्ज एवढंच होतं, त्याला विंडोजची गरजच नाही.

विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवायचं असेल तर ड्युअल बूट होतं, म्हणजे चालू करताना हवं ते निवडायचं. त्याआधी फोटो, सातबारे, मार्कमेमो, सगळं बाहेरच्या डिस्कवर काढा. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कचं कुलूप, चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवा. आणि लाइटचा भरवसा नसेल, तर बॅटरी पूर्ण भरलेली असताना किंवा इन्व्हर्टरवरच इन्स्टॉल चालू करा. पार्टिशन होत असताना मशीन बंद पडणं सगळ्यात धोक्याचं. ज्या लॅपटॉपची बॅटरी मेलेली आहे, त्याचं काम लोडशेडिंगच्या वेळा बघूनच हाती घ्या.

एकदा टाकून झालं की मिंटमधलं टाइमशिफ्ट हे साधन चालू करा. एखाद्या अपडेटने काही बिघडलं, तर त्यातून सिस्टिम मागच्या दिवसाच्या स्थितीला नेता येते. आपल्या फाइलींचा बॅकअप मात्र त्यात धरलेला नसतो, तो वेगळा घ्यायचा. मिंट २२ मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. अभ्यासिकेतल्या चारही लॅपटॉपच्या खाली एकेक कागद चिकटवलाय: डिस्ट्रोचं नाव, आवृत्ती, अपडेट कधीपर्यंत, आणि अडल्यावर कुणाला बोलवायचं त्या पोराचं नाव. ते पोरगं बारावीला आहे. पुढच्या वर्षी ते शिकायला बाहेर जाईल, म्हणून आत्तापासून दोन लहान मुलं त्याच्या शेजारी बसून पेनड्राइव्ह बूटेबल करायला शिकत आहेत.