बर्फावर चरणारा पक्षी

मित्रहो, उंच पर्वतावरच्या पक्ष्याचा विषय निघाला की लोक आधी थंडीबद्दल विचारतात. हा एवढासा जीव तिथे गारठून मरत कसा नाही? मला त्याहून मोठा प्रश्न वाटतो तो पोटाचा. झाडं संपतात त्याच्याही वर, नुसत्या खडकांत आणि बर्फात, हा खातो काय?

आज आपण उत्तर अमेरिकेतला करड्या डोक्याचा रोझी फिंच घेऊ. याचे भाऊबंद आपल्या लडाखमध्येही आहेत, त्यांना माउंटन फिंच म्हणतात. चिमणीपेक्षा जरासा मोठा, अंगाने तपकिरी, पंखांवर आणि पोटाशी गुलाबी झाक. चोच हिवाळ्यात पिवळी, विणीच्या दिवसांत काळी.

कॅलिफोर्नियाच्या सिएरा नेवाडा पर्वतात उन्हाळ्यातही बर्फाचे पट्टे टिकून असतात. खालच्या दऱ्यांतून वर चढणारा वारा असंख्य किडे उचलून आणतो. ते बर्फावर पडतात आणि गारठून जागच्या जागी निपचित होतात. पांढऱ्यावर काळा किडा लपणार कुठे? फिंच बर्फावर फिरत एकेक टिपत जातो. बर्फाची कड वितळली की गेल्या वर्षी पडलेलं बी उघडं होतं, तेही त्याला मिळतं.

घरटं मात्र कड्याच्या कपारीत असतं आणि चारा बराच लांब. त्यासाठी या पक्ष्याकडे एक सोय आहे, आणि ती मला फार सुंदर वाटते. विणीच्या काळात नर आणि मादी दोघांच्याही तोंडाच्या तळाशी पिशव्या तयार होतात. त्या भरून घ्यायच्या आणि एका खेपेत पिल्लांसाठी भरपूर न्यायचं. नरांचं वागणंही वेगळं. माद्या संख्येने कमी, त्यामुळे नर जमिनीचा तुकडा राखत बसत नाही. तो मादीसोबत फिरतो, आणि ती असेल तिथून दुसऱ्या नरांना हुसकावतो.

आता तळ्यांकडे येतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे. सिएरातल्या उंच तळ्यांत मुळात मासे नव्हते. माणसाने गळाच्या हौसेसाठी ट्राउट सोडले, पुढे तर विमानातून. या तळ्यांत मेफ्लाय नावाच्या कीटकाची अळी वाढते. पंख फुटले की ते थव्याने बाहेर पडतात, आणि फिंचला मेजवानी मिळते. ट्राउटने या अळ्या खाऊन टाकल्या. 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मासे असलेली आणि नसलेली तळी ताडून पाहिली, तेव्हा बिनमाशांच्या तळ्यांकाठी फिंच जवळजवळ सहापट आढळले. पाण्यात कधी न उतरणाऱ्या पक्ष्याचा घास पाण्यातल्या माशाने पळवला होता! कड्यावरचं घरटं जसंच्या तसं, माणसाचा हातही तिथे पोचलेला नाही, तरी नुकसान झालंच.

तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत काही तळ्यांतून आता जाळी लावून ट्राउट काढले जातात. हे काम हाती घेतलं ते संकटात सापडलेल्या डोंगरी बेडकांसाठी. मासे गेले तिथे बेडूक वाढू लागले, आणि मेफ्लायही परतल्या.