मधल्या कानाची हवा आणि एक बारीकशी जाळी

श्रोतेहो, नमस्कार. घाट उतरताना कानाला दडे बसतात. आवंढा गिळला, जांभई दिली की टक्‌ असा आवाज होतो आणि कान मोकळा होतो. हा टक्‌ युस्टेशियन नलिकेचा. नाकाच्या मागे, पडजिभेच्या वरच्या बाजूला तिचं तोंड असतं आणि तिथून ती कानाच्या पडद्यामागच्या पोकळीपर्यंत जाते. मोठ्या माणसात ती साधारण साडेतीन सेंटिमीटर लांब असते. कानाकडचा एक तृतीयांश भाग हाडाचा, उरलेला कूर्चेचा. दोन्ही जुळतात तिथे ती सगळ्यात अरुंद, जेमतेम एक-दोन मिलिमीटर.

ही नळी एरवी मिटलेली असते. टाळूचा स्नायू तिची भिंत ओढतो तेव्हाच ती उघडते, तेही अर्ध्या सेकंदापेक्षा कमी वेळ. मधल्या कानातली हवा तिथलं अस्तर सतत शोषून घेतं आणि ती भरून निघते या एवढ्याशा उघडण्यातून. उघडणं थांबलं की आत दाब उतरतो, पडदा आत ओढला जातो, मग पोकळीत पाणी साचतं. ऐकू कमी येतं. वर्षानुवर्षं असंच राहिलं तर पडद्याला खळगा पडून हाड कुरतडणारा रोग होऊ शकतो.

यावर १९५४ पासून ग्रोमेट आहे. पडद्याला छोटा छेद देऊन बसवलेली नळी. ती हवा आत जाऊ देते, पण मूळ नलिकेला हातच लावत नाही. पडद्याची वाढणारी त्वचा तिला बहुधा सहा महिने ते दीड वर्षात बाहेर ढकलते आणि तक्रार पुन्हा सुरू होऊ शकते. २०१० मध्ये जर्मनीत नाकातून फुगा घालून नलिका रुंदावण्याचा उपाय पुढे आला. तीन मिलिमीटर व्यासाचा, दोन सेंटिमीटर लांबीचा फुगा दहा बार दाबाने दोन मिनिटं फुगवायचा आणि काढून घ्यायचा. बऱ्याच जणांना आराम पडतो. काहींची नलिका मात्र पुन्हा आक्रसते, आणि स्टेंटचा, म्हणजे नळीला आतून आधार देणाऱ्या बारीक जाळीचा, विचार सुरू होतो तो इथे.

हृदयाच्या रक्तवाहिनीत बसतो तोच स्टेंट इथे का नको, हा प्रश्न साहजिक आहे. जर्मनीत मेंढ्यांच्या नलिकेत तसे स्टेंट घालून पाहिले गेले आणि नाकातून तिथवर पोचता येतं हे दिसलं. पण रक्तवाहिनी गोल असते आणि ती कायम उघडी हवी. युस्टेशियन नलिका म्हणजे उभी चीर, आणि तिला मिटताही आलं पाहिजे. सतत उघडी राहिली तर माणसाला स्वतःचा आवाज कानात घुमल्यासारखा ऐकू येतो, श्वाससुद्धा ऐकू येतो, आणि नाक शिंकरताना शेंबूड कानाकडे जायची वाट मोकळी होते. हवा खेळेल इतपतच आधार देणारी जाळी करणं, हे या कामातलं खरं अवघड कोडं आहे.

धातूचंच घ्या. कोबाल्ट-क्रोमियमची जाळी फुग्याने फुगवून बसवतात. स्नायूने ती एकदा चेपली की चेपलेलीच राहते. निकेल आणि टायटॅनियमचा मिश्रधातू, निटिनॉल, दाबला तरी परत आपल्या आकारात येतो. दिवसभरात शेकडो वेळा गिळणाऱ्या घशाशेजारी हा गुण मोलाचा. आकारही सरळ चालत नाही. नलिका घशाकडे नरसाळ्यासारखी रुंदावते, त्यामुळे सरळ जाळी घशाकडे घसरायला बघते.

लांबीत दोन-तीन मिलिमीटर चुकले तरी महागात पडतं. टोक घशात डोकावलं तर प्रत्येक घोटाला घासतं, तिथे मांसांकुर वाढतात आणि नळीचं तोंडच बुजतं. आत जास्त गेलं तर हाडाच्या भागाला लागून मेंदूकडे जाणारी मोठी धमनी आहे, मधली हाडाची भिंत पातळ. म्हणून जाळी कूर्चेच्या भागातच थांबवावी लागते आणि बसवल्यावर स्कॅनमध्ये तिची जागा तपासावी लागते.

त्यात अस्तराची प्रतिक्रिया आहेच. जाळीच्या फटींतून पेशी वाढून वाट पुन्हा बंद करतात. त्यांना रोखण्यासाठी सिरोलिमस या औषधाचा लेप दिलेल्या जाळ्या कोरियात डुकरांवर तपासल्या गेल्या. विरघळणाऱ्या जाळ्यांवरही काम चालू आहे. मॅग्नेशियमची जाळी गंजताना हायड्रोजन वायू सोडते, आणि आधाराची गरज संपायच्या आत मोडली तर तिचे तुकडे कुठे जातील हे पाहावं लागतं. घशाकडे गेले तर ठीक, कानाकडे जाता कामा नयेत.

हा उपचार अजून रोजच्या दवाखान्यात आलेला नाही. तोवर एक गोष्ट मात्र आवर्जून सांगायची आहे. मोठ्या माणसाच्या एकाच कानाच्या पडद्यामागे काही आठवडे पाणी राहिलं, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून नाकाच्या मागचा भाग दुर्बिणीने पाहून घ्या. नलिकेच्या तोंडाशी वाढलेली गाठसुद्धा हेच लक्षण दाखवते, आणि तिथे ग्रोमेट, फुगा वा जाळी यांतलं काहीही आधी बसवलं तर गाठीचं निदान लांबतं.