मास्टरक्लासमधली पालकाची खुर्ची

(पुण्यात व्हायोलिन शिकणाऱ्या मुलांच्या पालकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या पायाशी व्हायोलिनच्या रिकाम्या पेट्या दिसताहेत. वाद्य आणि मूल दोन्ही आत सरावाच्या खोलीत आहेत, आणि पुढच्या रविवारच्या मास्टरक्लासची धाकधूक तुमच्याजवळ बाहेर बसली आहे. मास्टरक्लास म्हणजे पाहुण्या शिक्षकांनी सगळ्यांसमोर एकेका मुलाला शिकवायचा वर्ग. मी वादक नाही. बँकेत नोकरी करते. माझी लेक पाच वर्षांची असल्यापासून व्हायोलिन शिकते. गेल्या जुलैमध्ये, आठव्या वर्षी, लष्कर भागातल्या एका छोट्या सभागृहात ती पहिल्यांदा मास्टरक्लासला उभी राहिली. त्या दुपारबद्दल बोलायला मला इथे बोलावलं आहे.

तिला पंचवीस मिनिटं मिळाली होती. विवाल्दी या इटालियन संगीतकाराच्या एका काँचेर्तोचा, म्हणजे एक वाद्य पुढे आणि बाकीची साथीला अशा रचनेचा, पहिला भाग तिने तीन महिने घोटला होता, सगळा पाठ होता. तिने तो वाजवला. टाळ्या झाल्या. मग परदेशाहून आलेल्या बाईंनी तिला सुरुवातीच्या एका ओळीवर परत आणलं, आणि पंचवीस मिनिटं संपेपर्यंत दोघी त्याच ओळीवर होत्या. मी दुसऱ्या रांगेत बसले होते. ज्या अवघड जागेसाठी आम्ही घरात रात्रीची जेवणं अर्धा अर्धा तास पुढे ढकलली होती, तिच्याबद्दल कुणी एक शब्द काढला नाही. पहिली दहा मिनिटं मला सरळसरळ अपमान वाटत होता. लेकीच्या चेहऱ्यावर त्याचा मागमूस नव्हता. तिचं सगळं लक्ष त्या एका ओळीत होतं. मी परीक्षेला आले होते आणि ती शिकायला आली होती.

मास्टरक्लास हा प्रकार मुळात काय आहे, हे मी नंतर वाचलं. आधी वाचायला हवं होतं. पियानोवादक आणि संगीतकार फ्रान्झ लिस्ट १८६९ पासून १८८६ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत दरवर्षी काही महिने जर्मनीतल्या वायमारला राहत आणि तिथे पियानो वाजवणाऱ्यांना शिकवत. एकेकाला खोलीत घेऊन दार लावून शिकवायची पद्धत त्यांनी ठेवली नव्हती. एकाने वाजवायचं, बाकीच्यांनी भोवती बसून ऐकायचं, आणि लिस्ट जे सांगतील ते सगळ्यांचं. फी ते घेत नसत. हे वाचल्यावर मला आपली तालीमच आठवली. बुवांसमोर पाच शिष्य बसलेत, एकाची तान सुधारली जाते आहे आणि उरलेले चार तीच तान मनात घोकताहेत, हे पुण्याला कुणी शिकवायला नको. भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली भारत गायन समाज सुरू केला, त्या गावातले आपण. चारचौघांत चूक सुधारून घेणं ही आपल्याकडे बेइज्जती कधीच नव्हती. पण हल्ली गुण, प्रमाणपत्रं आणि ग्रेडच्या परीक्षा यांत आपण इतके रुळलोय की स्टेज दिसलं की निकालच दिसतो.

आता तयारीबद्दल. इथे मी थोडी रेंगाळणार आहे, कारण पालकाच्या हातात खरोखर जे आहे ते इथे आहे.

सगळ्यात आधी वाद्याचं माप. आपण मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घेतो. गणवेश घेतो, रेनकोट घेतो, आणि त्याच हिशोबाने व्हायोलिनही घेतो, की दोन वर्षं तरी पुरेल. तसं करू नका. व्हायोलिन पाव, अर्धं, पाऊण आणि पूर्ण अशा मापांत येतं, त्याहून लहानही असतं. नावावर जाऊ नका, अर्धं व्हायोलिन लांबीने अर्धं नसतं. पूर्ण व्हायोलिनचं खोकं साधारण साडेपस्तीस सेंटिमीटरचं, तर अर्ध्याचं एकतीस-बत्तीसच्या आसपास. फरक बोटभर दिसतो, पण मुलाच्या खांद्याला तो डोंगराएवढा असतो. वाद्य खांद्यावर ठेवून डावा हात पुढे केला की टोकाची गुंडाळी तळहातात सहज यायला हवी, आणि कोपरात थोडी ढील राहायला हवी. हात ताठ झाला तर वाद्य मोठं आहे. आम्ही सहाव्या वर्षी तिला मोठं घेतलं होतं. ती मान वाकडी करून वाजवायची आणि मी तिला ‘सरळ उभी राहा’ म्हणून बोलायचे. दोष वाद्याच्या मापाचा होता आणि बोलणी ती खात होती. त्याची मला अजून टोचणी आहे.

मग हवा. आपल्याकडे जुलैत लाकूड फुगतं, खुंट्या अडकून बसतात. मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत त्याच खुंट्या सटकतात आणि सकाळी पेटी उघडावी तर चारही तारा सैल. बाहेरच्या दमट हवेतून एकदम एसी सभागृहात गेलं की सूर हमखास हलतो. म्हणून अर्धा-पाऊण तास आधी पोहोचा, पेटी उघडून ठेवा, वाद्याला तिथली हवा लागू द्या आणि मग सूर लावून घ्या. उन्हात उभ्या केलेल्या गाडीत वाद्य ठेवू नका, त्याचे सांधे सरसाने जोडलेले असतात आणि तो सरस उष्णतेने सुटतो. नव्या तारा आदल्या दिवशी चढवू नका, त्या ताणत राहतात आणि सूर उतरत राहतो. डाव्या हाताची नखं दोन दिवस आधी कापा. त्याच दिवशी कापली की बोटांची टोकं हुळहुळतात.

आणि बारना, म्हणजे नोटेशनमधल्या उभ्या रेघांमधल्या खणांना, क्रमांक घाला. पेन्सिलने, प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला. मुलाच्या प्रतीवर, तुमच्या प्रतीवर आणि पियानोवर साथ करणाऱ्यांच्या प्रतीवर. शिकवणारे ‘तेविसाव्या बारपासून’ म्हणाले की मूल गोंधळून आपल्या तोंडाकडे बघतं, ते टळतं. पैशांबद्दल एवढंच सांगते, की नवा फ्रॉक आणि चकचकीत पेटी यांवर खर्च करण्यापेक्षा बोचे, म्हणजे व्हायोलिन वाजवायच्या गजाचे, केस बदलून घ्या.

यापुढचं मी स्वतः हातात वाद्य घेतलं नसतं तर मला कळलं नसतं. जपानचे शिनिची सुझुकी, १८९८ ते १९९८ असं जवळजवळ शतकभर जगलेले शिक्षक, त्यांचा आग्रह असे की मुलाआधी आई किंवा वडिलांनी एखादी सोपी धून वाजवायला शिकावी, आणि वर्गाला मुलाबरोबर बसावं. मूल मातृभाषा जशी ऐकून ऐकून उचलतं तसं संगीत उचलतं, हा त्यांच्या पद्धतीचा पाया. मी त्यातलं पहिलंच तेवढं केलं. तीन महिने शिकले, तेही आठवड्यातून एकदा. तार छेडायची नसते, बो ओढायचा असतो, एवढ्यानेच माझा पहिला महिना खाल्ला.

तारेवर बो ओढतो तेव्हा नेमकं काय होतं, हे एकोणिसाव्या शतकात हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. राळ लावलेले केस तारेला चिकटतात, तिला थोडं ओढून नेतात, तार निसटते, पुन्हा चिकटते. ए या स्वराची तार नीट लागली असेल तर हे सेकंदाला ४४० वेळा घडतं. चिकटणं आणि सुटणं यांचा ताल जमला की सूर लागतो. दाब जास्त झाला की तार वेळेवर सुटत नाही आणि करकर येते, दाब कमी पडला की ती नको तेव्हा सुटते आणि शीळ घातल्यासारखा आवाज येतो. आठ वर्षांच्या मुलीचा मनगटाएवढा हात हा तोल सांभाळत असतो. वजन, वेग आणि घोडीपासून, म्हणजे तारा ज्या लाकडी तुकड्यावर टेकतात त्यापासून, किती अंतरावर बो ओढायचा ती जागा, या तिन्ही गोष्टी दर क्षणी बदलत असतात. हे हातातून गेल्यावर मी ‘किती करकर करतेस’ म्हणणं सोडलं. आणि त्या दुपारी दहा मिनिटांनी माझा अपमान विरला तोही यामुळेच, कारण बाई तिच्याकडून त्या एका ओळीवर काय काढून घेताहेत ते मला ऐकू यायला लागलं.

तर सभागृहात परत येऊ. ती ओळ काँचेर्तोत लगेच दुसऱ्यांदा येते. बाईंनी इंग्रजीत विचारलं, ही ओळ दुसऱ्यांदा आली की ती कशी ऐकू यावी असं तुला वाटतं? लेक गप्प. तिला इंग्रजी शाळेपुरतं येतं, आणि बाईंचे उच्चार आमच्या कानांना नवे. सभागृहात शांतता. मी मनातल्या मनात तीन उत्तरं तयार केली. ‘हळू’ हे तर अगदी ओठांवर आलं होतं. शेजारी नवरा बसला होता, त्याने माझ्या मनगटावर हात ठेवला. बराच वेळ गेला. मग ती मराठीत म्हणाली, “आजी दुपारी झोपलेली असते ना, तेव्हा वाजवते तसं.”

पियानोवर साथ करणाऱ्या ताईंनी ते इंग्रजीत सांगितलं. बाई हसल्या नाहीत. त्यांनी गंभीरपणे विचारलं, “मग तेव्हा तुझा बो काय करतो?” लेकीने करून दाखवलं. बो घोडीपासून दूर, तारांखालच्या बोटं ठेवायच्या पट्टीच्या, फिंगरबोर्डच्या, बाजूला सरकला, वजन निघालं, थोडेच केस तारेला लागले. आवाज पातळ झाला पण तुटला नाही. बाई म्हणाल्या, हे तुला कुणी शिकवलं? ती म्हणाली, “कुणी नाही.”

आता माझी वही सांगते. मी सरावाची वही ठेवते. त्या तीन महिन्यांत त्या वहीत निदान सात-आठ ठिकाणी मी लिहिलं आहे, ‘दुपारचा सराव, जीव नाही.’ सासूबाईंची झोपमोड होऊ नये म्हणून ती दबकून वाजवत होती, आणि त्या दबकून वाजवण्यातून तिला एक आख्खा आवाज सापडला होता. मी रोज कामावरून आल्यावर फोनवरचं रेकॉर्डिंग ऐकायचे आणि त्याला जीव नाही म्हणून शेरा मारायचे. त्या दुपारी मी ‘हळू’ बोलले असते तर तिने मान डोलावली असती आणि हे आम्हाला कुणालाच कळलं नसतं.

पुढे बाईंनी तिला ती ओळ गायला लावली. बरीच मुलं इथे अडतात, लाजतात. ती अडली नाही, कारण आमच्या घरी सगळेच गुणगुणत असतात. सासूबाईंच्या लेखी व्हायोलिन म्हणजे प्रभाकर जोग आणि त्यांचं गाणारं व्हायोलिन. त्यात गाण्याचे शब्द ऐकू आले पाहिजेत, नाहीतर त्या म्हणतात, “बोल लागले नाहीत गं अजून.” पाश्चात्त्य संगीताशी त्यांचा काही संबंध नाही, पण नातीला हवा तो कान त्यांच्याकडे होता. घरातल्या अशा माणसाला सरावाच्या खोलीतून बाहेर काढू नका.

एक अवघड गोष्ट. पाहुण्या शिक्षिकेने तिचा उजवा अंगठा बोवर वेगळ्या तऱ्हेने ठेवायला सांगितला. आमच्या सरांनी तो मुद्दाम तसा ठेवला होता, हात लहान आहे म्हणून. असं होतंच. त्या रात्री घरी आपणच निवाडा करायला बसलो तर मूल दोन गुरूंच्या कात्रीत सापडतं. आपलं काम लिहून आणायचं. चित्रीकरण करायचं असेल तर आधी परवानगी घ्या आणि ते दुसऱ्या कुणावर सोपवा. फोन धरलेला हात लिहू शकत नाही, आणि स्टेजवरून मुलाला तुमच्या चेहऱ्याच्या जागी फोन दिसतो.

परतीच्या वाटेबद्दल मला सगळ्यात कळकळीने सांगायचं आहे. त्याआधीच्या वर्षी एका स्पर्धेहून परतताना, लकडी पुलाच्या अलीकडे सिग्नलला स्कूटर थांबली असताना मी मागे वळून तिला म्हटलं, “तिसरं बोट दोनदा सुरापेक्षा खाली लागलं.” खरंच लागलं होतं. घरी येऊन तिने पेटी कपाटावर ठेवली आणि बारा दिवस खाली काढली नाही. तेव्हापासून नियम आहे: दुसऱ्या दिवशी शाळा सुटेपर्यंत मी वाजवण्याबद्दल काही बोलायचं नाही. तिने विषय काढला तर ऐकायचं. यंदा मास्टरक्लासहून येताना आम्ही पावसात कणीस खाल्लं आणि ती वर्गातल्या कुणाच्या तरी पडलेल्या दाताबद्दल बोलत राहिली.

आणि कृपा करून आपल्या मुलाची पाळी झाली की उठून जाऊ नका. त्या दिवशी तिच्यानंतर सहा मुलं होती. पहिल्या दोघांनंतर निम्म्या खुर्च्या रिकाम्या झाल्या. शेवटी चार-साडेचार वर्षांचा एक मुलगा आला, बोटं न ठेवता मोकळ्या तारांवर फक्त लांब बो ओढत होता. त्याला ऐकायला मोजून नऊ माणसं उरली होती. माझी लेक पहिल्या रांगेत जाऊन बसली आणि बाईंनी त्याला सांगितलेलं सगळं हवेत हात हलवून करत होती. तिच्या स्वतःच्या पाळीत जे निसटलं होतं, ते तिला त्या मुलाच्या पाळीत मिळालं, असं तिनेच मला दोन दिवसांनी सांगितलं.

सोमवारी ती वही घेऊन सरांकडे गेली. मी नऊ मुद्दे लिहिले होते. सरांनी ते शांतपणे वाचले, तिला दोन-तीन जागा वाजवायला सांगितल्या, आणि पेन्सिलने तीन मुद्द्यांवर खूण केली. अंगठ्याच्या मुद्द्यापुढे त्यांनी लिहिलं, ‘पाऊण व्हायोलिन आल्यावर.’ मग तिच्या तळहाताची लांबी मोजली आणि म्हणाले, दिवाळीनंतर बघू.