बॅटरी कपाळाशी धरा

(दृश्य : आरे, तबेल्याच्या आत, रात्र. दिवे बंद. कॅमेऱ्याला चिकटून धरलेल्या बॅटरीचा झोत.)

गोरेगावचं आरे. पहाटेच्या धारेला अजून अवकाश आहे, म्हशी बसून रवंथ करताहेत. म्हशी काळ्या, अंधार काळा. झोत आत शिरतो आणि एका ओळीत डोळे उजळतात. निळसर, हिरवट, कडेच्या म्हशीचे जरा पिवळट.

आता बॅटरी दुसऱ्याच्या हातात गेली. तो कॅमेऱ्यापासून चार पावलं बाजूला उभा आहे. झोत तेवढाच, म्हशी त्याच. पाठी दिसतात, माश्या वारणारं शेपूट दिसतं, दाव्याची गाठसुद्धा दिसते. डोळ्यांतली चमक मात्र गेली. बॅटरी परत कॅमेऱ्याशी आणली, की आली.

जो उजेड डोळ्यात शिरतो तोच माघारी फिरतो, आणि आला त्याच वाटेने जातो. त्या वाटेवर तुमचा डोळा असला तर तुम्हाला चमक दिसणार. म्हणून रात्री जंगलात फिरणारे लोक बॅटरी कमरेशी न धरता कपाळाला बांधतात.

(दृश्य : अंधाऱ्या खोलीत मांजर. मेणबत्ती विझते.)

मांजराच्या डोळ्यांत स्वतःचा उजेड असतो, असं शेकडो वर्षं मानलं जायचं. 1810 मध्ये बेनेदिक्त प्रेव्हो या अभ्यासकाने दाखवून दिलं, की मिट्ट काळोखात मांजराचे डोळे अजिबात चमकत नाहीत. बाहेरून उजेड यायलाच हवा. पुढे 1851 मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी माणसाच्या डोळ्याच्या आत डोकावायचं उपकरण केलं, ते याच विचारातून. आपली बाहुली काळी दिसते, कारण आत बघायला जावं तर बघणाऱ्याचं डोकंच उजेड अडवतं. उजेड आणि नजर एका रेषेत आणली, की आतलं दिसू लागतं. डोळ्यांचे डॉक्टर आजही तुमच्या डोळ्यात असंच बघतात. आमच्या तबेल्यातला प्रयोग त्याचाच गावठी भाऊ म्हणा.

(दृश्य : डोळ्याचं चलचित्र. किरण आत जातो, मागे आपटतो, परत फिरतो.)

डोळ्याच्या मागच्या भिंतीवर दृष्टिपटल असतं. समोरून आलेला उजेड ते टिपतं, पण सगळा नाही. काही किरण न टिपलेले पलीकडे निघून जातात. माणसात ते मागच्या काळ्या रंगद्रव्यात जिरतात. म्हैस, मांजर, कुत्रा, बिबट्या यांच्यात दृष्टिपटलाच्या मागे एक परावर्तक थर असतो, टॅपेटम ल्युसिडम. निसटलेला किरण त्यावर आपटून परत दृष्टिपटलातून जातो. टिपायची दुसरी संधी. त्यातूनही जो उरतो, तो बाहुलीवाटे बाहेर पडतो आणि आपल्याला दिसतो. म्हणजे आपण बघतो ती त्या जनावराच्या हातची सुटलेली खुर्दा चिल्लर.

प्रत्येकाचा थर वेगळ्या बनावटीचा. गाई-म्हशी, शेळ्या, हरणं यांच्यात तो कोलॅजन या प्रथिनाच्या बारीक तंतूंचा असतो. मांजरात तो पेशींचा, मध्यभागी पंधरा-वीस पदरांचा. तंतू किंवा पेशींमधले कण किती अंतरावर रचलेत, त्यावर परत येणारा रंग ठरतो. शिवाय हा थर डोळ्याच्या मागच्या भिंतीवर वरच्या बाजूला असतो. भिंग चित्र उलटं पाडतं, त्यामुळे वरच्या भागात जमिनीचं, झुडपांचं अंधुक चित्र पडतं आणि खालच्या भागात आकाशाचं. जिथे उजेड कमी पडतो तिथेच थर दिलाय. चित्र थोडं पुसट होतं, पण मांजराचं आपल्या साधारण एक षष्ठांश उजेडात भागतं.

निळ्या डोळ्यांच्या काही मांजरांत आणि कुत्र्यांत हा थर नसतो, म्हणून त्यांच्या फोटोत डोळे लाल येतात. हस्कीवाल्यांनी घाबरू नये. मुंबईच्या उकाड्यात हस्की का पाळावा, हा वेगळा विषय.

(दृश्य : ससून डॉक, पहाट. बर्फ, टोपल्या, लिलावाचा गलका. बर्फावर मुशी.)

1875 पासून चालू असलेला हा धक्का. टोपल्यांच्या मागे मांजरं, त्यांचे डोळे तर आहेतच. पण ही मुशी बघा, शार्कच्या कुळातली. मेलेली आहे, तरी डोळा झोतात हिरवा पेटतो. या थराला जिवंतपणाची गरज नाही, रचना शाबूत असली की पुरे. दुपारपर्यंत बुबुळ गढूळ होईल, मग नाही दिसणार. मुशीचा थर ग्वानिन नावाच्या पदार्थाच्या चकचकीत स्फटिकांचा. शेजारच्या टोपलीतल्या पापलेटच्या अंगावर जी चंदेरी झाक आहे, तीही ग्वानिनचीच.

(दृश्य : आरेतलं गवत. दवासारखे निळे-हिरवे ठिपके. कॅमेरा खाली जातो.)

हे दव नाही. वाकून जवळ जा, ठिपका तिथेच राहतो. आणखी जवळ गेल्यावर पाय दिसतात. लांडगा कोळी. आठ डोळ्यांपैकी पुढचे दोन मुख्य सोडून बाकीच्यांत असाच थर असतो. ही मादी आहे, पाठीवर पिल्लांचा ढिगारा. पिल्लांचे डोळेही चमकतात, म्हणून तिची पाठ अशी लुकलुकते. एवढंसं गवत आणि त्यात किती जोड्या! मैदान सपाट करताना हे कुणाच्या हिशेबात धरलेलं नसतं.

(दृश्य : कॅमेरा ट्रॅपची फीत, काळी-पांढरी. भिंतीच्या कडेने बिबट्या.)

इथे डोळे पांढरे दिसतात, कारण कॅमेरा अवरक्त, म्हणजे आपल्याला न दिसणाऱ्या उजेडात बघतोय, रंग त्याला कळत नाहीत. बिबट्या ओळखतात तो डोळ्यांवरून नव्हे, अंगावरच्या ठिपक्यांवरून. दोघांचे ठिपके सारखे नसतात. मागे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, 104 चौरस किलोमीटरच्या आसपास. पुढे इमारती. मधे हा, आणि मधेच वारल्यांचे पाडे, त्यांचा देव वाघोबा.

त्याची बाहुली बघा, अंधारात केवढी उघडली आहे. मोठी बाहुली, मागे परावर्तक थर, दृष्टिपटलावर मंद उजेड टिपणाऱ्या पेशींची गर्दी. चांदण्याच्या चिमटीभर उजेडात चालण्यासाठीच हा डोळा घडलाय. अशा डोळ्यासमोर गाडीचा हाय बीम आला, की बाहुली मिटेपर्यंत आत पूर येतो. दिपलेलं जनावर जागच्या जागी थांबतं, तेही रस्त्याच्या मधोमध.

(दृश्य : आरेतला रस्ता. खांबावर पांढरा दिवा. समोरून मोटरसायकली.)

झाडांत झोत फेकणारा दिवा कुणाच्याच कामाचा नाही. खाली तोंड असलेला, पिवळसर, झाकलेला दिवा रस्ता तेवढाच उजळतो.

पाड्यात संडासाच्या वाटेवर दिवा हवाच, त्यात वाद नाही. 2022 च्या दिवाळीत आरेत एक लहान मुलगी बिबट्याच्या हल्ल्यात गेली. घोडबंदर रस्त्यावर बिबटे गाड्यांखाली मेलेत.

(दृश्य : ओल्या रस्त्यावर चमकणारे रिफ्लेक्टर. मग त्यांच्या पलीकडे, गवतात, एक जोडी.)

रस्त्यात ठोकलेली ही कॅट्स आय इंग्लंडच्या पर्सी शॉ यांनी आणली, पेटंट 1934 चं. काम तेच, हेडलाइटचा उजेड ड्रायव्हरकडेच परत पाठवायचा. ती एका उंचीवर असतात, ठरावीक अंतरावर असतात, हलत नाहीत. कडेच्या गवतात त्याहून उंच, हलणारी जोडी दिसली की हाय बीम उतरवा, वेग कमी करा, हॉर्न नको. माकड आणि डुक्कर यांच्यात हा थर नाही, तेव्हा काही चमकलं नाही म्हणजे रस्ता मोकळा, असंही नाही. आणि पहिली जोडी पलीकडे गेली तरी लगेच गाडी सोडू नका. मादी असेल तर पिल्लू मागून येतं.